लहान मुलांच्या नृत्यवर्गात आजारपणं पसरू नयेत म्हणून काय काय करता?

तत्कार_कोथरूड

नमस्कार मंडळी,

कोथरूडमध्ये डहाणूकर कॉलनीत माझा कथकचा क्लास आहे. एका सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल भाड्याने घेतला आहे, साधारण वीस बाय पंधरा फूट. संध्याकाळी ओळीने तीन बॅचेस असतात. आधी पाच ते सात वर्षांच्या छोट्या, मग आठ ते अकरा, शेवटी मध्यमा परीक्षेची तयारी करणाऱ्या मोठ्या मुली. मदतीला माझीच एक जुनी विद्यार्थिनी येते, तिला पाचवा महिना चालू आहे.

पाऊस सुरू झाला की दर वर्षी तेच. एक मुलगी खोकत येते, पुढच्या आठवड्यात अर्धी बॅच गैरहजर. यंदा छोट्यांमध्ये हात-पाय-तोंडाचा आजार आला. एकीचा हस्तक (हाताची ठेवण) सरळ करायला मी तिचा हात हातात घेतला तेव्हा तळव्यावर आणि बोटांच्या कडेला लालसर, पाणीदार पुटकुळ्या दिसल्या. पढंतीच्या, म्हणजे बोल तोंडाने म्हणायच्या वेळीही ती गप्पच होती. तोंड आलं होतं बिचारीचं. आईला फोन केला. त्या म्हणाल्या, "सकाळी ताप होता, पण औषध दिल्यावर उतरला. नोव्हेंबरात परीक्षा आहे, प्रॅक्टिस बुडायला नको म्हणून पाठवलं." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्यानंतर त्या बॅचमधल्या बऱ्याच मुली एकापाठोपाठ एक आजारी पडल्या, आणि एकीच्या घरी तिचा आठ महिन्यांचा भाऊसुद्धा. त्या बाळाने दोन दिवस दूध घेतलं नाही हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून हा विषय जात नाहीये.

दारात सॅनिटायझर आहे, फरशी रोज फिनेलने पुसून घेते. तरी हे होतंच. आता माझे प्रश्न.

मुलीला घरी कधी पाठवायचं आणि परत कधी घ्यायचं? डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागावं का?

घुंगरांचं काय? नव्या मुलींसाठी क्लासचे पंचवीस-पंचवीसचे चार जोड आहेत, ते सगळ्यांच्या पायांत फिरतात. दोरी सुती असते, घाम पिते. धुवायला गेलं तर घुंगरू काळे पडतात.

खिडक्या उघडता येत नाहीत. उघडल्या की वरच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार येते. सोसायटीने परवानगी देतानाच "खिडक्या बंद ठेवून" असं लिहून घेतलं आहे.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे पालकांना सांगायचं कसं? नाव सांगितलं तर त्या मुलीशी कुणी बोलत नाही, न सांगावं तर बाकीच्यांना कळत नाही.

अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने लिहा. डॉक्टर कुणी असतील तर फारच बरं.

---

बावधनचा_बाबा

माझी मुलगी भरतनाट्यम शिकते, तुमच्या क्लासला नाही. पालकाच्या बाजूने लिहितो.

मुलं आजारी असताना क्लासला का येतात याची कारणं पैशाची आणि वेळेची असतात. आम्ही दोघंही नोकरी करतो. फी तीन महिन्यांची आगाऊ असते, बुडलेला तास बुडाला. शाळेतून घरी ठेवलं तर रजा घ्यावी लागते, क्लासला पाठवलं तर संध्याकाळचा एक तास तरी सुटतो. बरं, मूल खेळायला लागलेलं असतं, ताप उतरलेला असतो, मग वाटतं, जाऊ दे.

आणखी एक गोष्ट. आमच्या क्लासमध्ये वार्षिक कार्यक्रमात "शंभर टक्के हजेरी" म्हणून स्टेजवर बोलावून बक्षीस देतात. गेल्या वर्षी मुलगी नाक गळत असताना, डोळे लाल असताना रडून हट्ट करून गेली, कारण बक्षीस जाईल. सात वर्षांच्या मुलीला तुम्ही काय समजावणार? तुमच्याकडे असं बक्षीस असेल तर ते आधी बंद करा. बुडलेला तास भरून मिळणार असेल तर मी स्वतः फोन करून सांगेन की आज येत नाही. आत्ता मी ते सांगत नाही आणि माझ्यासारखे बरेच सांगत नाहीत, हे खरं आहे.

---

बालरोग_सिंहगडरोड

मी बालरोगतज्ज्ञ आहे, सिंहगड रोडला दवाखाना आहे. प्रतिसाद मोठा होणार आहे.

बावधनच्या बाबांनी लिहिलंय ते आधी गांभीर्याने घ्या. साबण, फिनेल, सॅनिटायझर हे सगळं त्यानंतर येतं. ताप लपवून मूल आत आलं तर फरशी कितीही स्वच्छ असली तरी उपयोग नाही, कारण लहान मुलांचे बहुतेक आजार एकमेकांच्या श्वासातून, लाळेतून आणि हातांतून जातात.

तापाचं गणित पालकांना नीट सांगा. पॅरासिटामॉल चार ते सहा तास ताप दाबतं. दुपारी तीनला डोस दिला की तुमच्या पाचच्या बॅचला मूल गार असतं, नाचतं, हसतं आणि आठ वाजता घरी पुन्हा फणफणतं. त्यामुळे दारात कपाळाला थर्मामीटरची बंदूक लावून काहीही कळत नाही. त्याऐवजी सोडायला आलेल्या आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारा, "आज तापाचं औषध दिलंय का?" हो म्हणाले तर मूल घरी. औषध न देता पूर्ण २४ तास ताप नसेल तेव्हा परत. उलट्या-जुलाब असतील तर शेवटच्या उलटी-जुलाबानंतर ४८ तास. हे दोन नियम पाळले तरी तुमचं बरंच काम होईल.

आता एकेक आजार. हात-पाय-तोंड कॉक्सॅकी आणि त्याच्या भाऊबंद विषाणूंमुळे होतो. २०२२ मध्ये केरळातून "टोमॅटो फ्लू" म्हणून ज्याची बातमी देशभर फिरली तो मुळात हाच. पहिला आठवडा सगळ्यात जास्त संसर्गाचा. ताप गेला, लाळ गळायची थांबली, मूल नीट जेवायला लागलं आणि फोड सुकले की येऊ दे. डाग पूर्ण जाईपर्यंत थांबवायची गरज नाही. मात्र विषाणू शौचातून पुढे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. तितके दिवस कुणालाच घरी बसवता येत नाही, म्हणून शी-शूनंतर साबणाने हात धुणं हाच खरा उपाय. आणि हो, महिना-दीड महिन्याने काही मुलींची नखं मुळापासून सुटून येतील. पालक घाबरून फोन करतील. नवीन नखं आपोआप येतात, काही करावं लागत नाही.

याच कारणासाठी तुमच्या दारातल्या सॅनिटायझरवर फार विसंबू नका. हात-पाय-तोंडाचे विषाणू आणि उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस यांच्यावर अल्कोहोल फारसं चालत नाही. त्यांना साबण आणि वाहतं पाणी हवं. किमान वीस सेकंद. छोट्यांना सेकंद मोजता येत नाहीत, पण तीनताल येतो. बेसिनपाशी ठाय (संथ) लयीत, सेकंदाला एक मात्रा धरून, हात चोळत ठेका म्हणायला लावा. एक आवर्तन सोळा सेकंदांचं, वर एक छोटी तिहाई (तीनदा म्हणायचा तुकडा) जोडली की वीस होतात. माझी भाची असंच करते. बेसिनजवळ सगळ्यांचा मिळून एक नॅपकिन टांगलेला असेल तर तो आजच काढा. प्रत्येकीने आपला छोटा रुमाल आणावा.

कांजिण्या: पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत संसर्ग होतो, तोवर घरी. गालगुंड: सूज आल्यापासून पाच दिवस घरी. गालगुंडाबद्दल मुद्दाम लिहिते, कारण सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. ज्या मुलांना खाजगीत एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) दिलेली नाही त्यांना गालगुंड होऊ शकतं. गोवर: पुरळ आल्यानंतर चार दिवस घरी, आणि गोवराचा संशय जरी आला तरी लगेच डॉक्टर. डोळे आले असतील तर पाणी आणि चिपडं थांबेपर्यंत घरी. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदीत डोळ्यांची साथ किती झपाट्याने पसरली होती ते आठवत असेल. साधा खोकला मात्र विषाणू गेल्यावरही दोन-तीन आठवडे रेंगाळतो. ताप नाही, मूल खेळतंय, झोपतंय, तर केवळ खोकल्यासाठी महिनाभर बसवू नका. उवा असतील तर घरी पाठवायचंच नाही. आईला बाजूला घेऊन सांगा, बाकी कुणासमोर नाही.

सर्टिफिकेट मागू नका. हे कळकळीने सांगते. पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात "क्लासला जायला फिट" असा कागद घ्यायला बरी झालेली मुलं येतात, तासभर तापाच्या मुलांमध्ये बसतात आणि नवीन आजार घेऊन जातात. त्या कागदावर मी जे लिहिणार तेच वरच्या २४ तासांच्या नियमात आहे.

तुमच्या मदतनीस मुलीबद्दल. तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, लस घेतली होती का, हे आजच विचारा. नसेल आणि क्लासमध्ये कांजिण्यांचा रुग्ण निघाला तर तिने त्याच दिवशी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करायचा. गरोदरपणात कांजिण्या त्रासदायक ठरू शकतात आणि संपर्कानंतर द्यायचं संरक्षक इंजेक्शन ठराविक दिवसांतच द्यावं लागतं. वाट बघून उशिरा सांगितलं तर वेळ हातातून जातो. असंच बॅचमध्ये एखादी मुलगी स्टिरॉइडवर असेल, किडनीच्या किंवा कॅन्सरच्या उपचारांवर असेल, तर तिच्या घरी कांजिण्या आणि गोवर यांची खबर सगळ्यात आधी गेली पाहिजे. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये एक ओळ घाला: "मुलीची प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू आहे का?"

पाणी. २०२५ च्या जानेवारीत आमच्या भागात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरीकडे, गुलियन बारे सिंड्रोमची (नसांवर परिणाम होऊन हातापायांतली ताकद जाते त्या आजाराची) साथ आली. काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, आणि संशय पाण्यावर होता. पायातली ताकद गेलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून जारचं पाणी म्हणजे शुद्ध असं धरून चालू नका. प्रत्येकीने घरून उकळून गार केलेलं पाणी आणावं, बाटलीवर नाव असावं, आणि उष्टं पाणी मैत्रिणीला द्यायचं नाही. "वरून पी" म्हटलं तरी पाच वर्षांच्या मुलीला वरून पिता येत नाही, तोंड लागतंच.

फिनेलच्या वासाने स्वच्छ वाटतं, पण रोजच्यासाठी साबणाचं पाणी आणि सुकी फरशी पुरे. कुणी उलटी केली तर मात्र मुलांना हॉलबाहेर काढा, ग्लव्ह्ज घालून आधी कागदाने सगळं उचला, मग सोडियम हायपोक्लोराइट. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर एक लिटर पाण्यात २० मिली टाकलं की ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. ते पाच-दहा मिनिटं फरशीवर ओलं राहू द्या, मग पुसा. घाण न उचलता वर ओतलं तर त्याची ताकद घाणीतच संपते. आणि टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना हे समोर उभं राहून सांगा.

फ्लूची लस पुण्यात पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी, कारण आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जास्त असतो. तुम्ही स्वतः घ्या. मदतनीस गरोदर आहे, तिनेही आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी.

---

मॅटवरची_ताई

सहकारनगर भागात गेली बरीच वर्षं मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवते. डॉक्टरांनी तापाचं सगळं लिहिलंय, मी पायांचं लिहिते, कारण तुम्ही आणि आम्ही दोघीही अनवाणी.

आमच्याकडे सगळ्यात चिवट निघालं ते गजकर्ण. एकीच्या मांडीवर गोल चट्टा, मग दुसरीच्या पोटरीवर, मग तिसरीच्या मानेवर. ही बुरशी मॅटवर, कपड्यांवर बराच काळ टिकते. पालक मेडिकलमधून ट्यूब आणतात, त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा फिका होतो, सगळे खूष, आणि आतल्या आत तो पसरत जातो. परत येतो तेव्हा डॉक्टरांनाही ओळखायला अवघड. माझा आग्रह एकच: गोल, कडेला खवले असलेला, खाजणारा चट्टा दिसला की त्वचारोगतज्ज्ञ. औषध सुरू झालं आणि चट्टा कपड्याखाली झाकला की मी मुलीला परत घेते.

दुसरं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुली अनवाणी टॉयलेटला जातात आणि त्याच पायांनी मॅटवर येतात. बाहेरच्या चपला सगळे दाराबाहेर काढायला लावतात, पण टॉयलेटच्या ओल्या फरशीवरून आलेल्या पावलांकडे कुणाचं लक्ष नसतं. मी टॉयलेटच्या दारात मुलींच्या मापाच्या रबरी सपातांचे चार जोड ठेवले आहेत आणि आत एक जाडसर पायपुसणं, जे रोज बदलतं. पायपुसणं ओलं राहिलं तर तेच आजाराचं घर होतं. तुमच्याकडे तर भूमिप्रणाम करताना मुली फरशीला हात लावून तेच हात डोळ्यांना लावतात. तेव्हा त्या फरशीवर कुठली पावलं पडतात याचा विचार करा.

घुंगरांबद्दल मला प्रत्यक्ष अनुभव नाही, पण शेजारच्या हॉलमध्ये कथकचा क्लास होता. त्या बाई मुलींना घोट्याभोवती स्वच्छ सुती पट्टी गुंडाळून त्यावर घुंगरू बांधायला लावायच्या. पट्टी प्रत्येकीची स्वतःची, घरी धुऊन आणायची. दोरीचा कातडीला स्पर्शच होत नाही. पितळ धुवायच्या भानगडीत त्या पडत नसत. दोरी दर वर्षी नवी ओवायच्या, आणि घुंगरू ओलसर पिशवीत बांधून न ठेवता गच्चीच्या दारात टांगून वाळवायच्या. हायपोक्लोराइट पितळेला लावू नका, खराब होतं.

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी पुण्यात शाळा-क्लास बंद ठेवायला लागले होते, नायडू हॉस्पिटलबाहेर तोंडाला रुमाल बांधून रांगा लागलेल्या मी पाहिल्या आहेत. तेव्हापासून माझा नियम आहे की मला स्वतःला ताप असेल तर मी क्लास रद्द करते. शिकवणाराच शिंकत आला तर पालकांना काय तोंडाने सांगणार?

---

तत्कार_कोथरूड

किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. डॉक्टर, मदतनीस मुलीला लगेच फोन केला. तिला कांजिण्या झालेल्या आठवत नाहीत, लसही घेतलेली नाही. ती उद्याच तिच्या डॉक्टरांना विचारणार आहे. छोट्यांची बॅच तोवर मी एकटी घेईन.

हजेरीचं बक्षीस माझ्याकडेही आहे. या वर्षीपासून नाही. त्याऐवजी रोज शिकवलेला तुकडा, लेहरा (तालाची साथ देणारी धून) लावून पढंतीसकट, पाच मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकेन. आजारी मुलगी अंथरुणात बसून हातावर ताल धरून तो ऐकू शकते. परीक्षेत पढंत विचारतातच. आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी बुडालेल्यांसाठी एक जादा तास, वेगळी फी नाही.

अजून एक सुचलं. वार्षिक कार्यक्रमाला रंगभूषा करणारे येतात, एकच स्पंज, एकच काजळपेन्सिल चाळीस मुलींच्या डोळ्यांना लागते. यंदा काजळ प्रत्येकीने स्वतःचं आणायचं आणि स्पंजऐवजी प्रत्येकीला वेगळा कापूस. रंगभूषाकारांशी आधीच बोलून ठेवते.

खिडक्यांचा प्रश्न मात्र तसाच आहे. आत एसी आहे म्हणून हवा खेळती राहते असं सोसायटीचं म्हणणं. ते बरोबर आहे का?

---

हवा_औंध

नाही. मी इमारतींच्या वातानुकूलनाचं काम करतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. बाहेरची ताजी हवा तो आत आणत नाही. बारा मुली एक तास नाचल्या तर त्यांच्या श्वासातून निघालेलं सगळं त्या खोलीतच फिरत राहतं. नाचताना श्वास बसल्यापेक्षा कितीतरी जास्त. गोवराचा विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो, म्हणजे तुमच्या पहिल्या बॅचमधली मुलगी दुसऱ्या बॅचला आजार देऊ शकते, दोघी समोरासमोर न येता.

सोसायटीला पटवायला कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं मीटर वापरा. ते स्वतः विषाणू मोजत नाही, पण उच्छ्वासाची हवा किती साचली आहे ते दाखवतं. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. खोलीत हजाराच्या आत राहिला तर ठीक, आठशेच्या आत असेल तर उत्तम. माझ्या मुलाच्या ॲबॅकसच्या क्लासमध्ये खिडक्या बंद, एसी चालू, तासाभरात आकडा दोन हजारांवर गेला होता. आणि तिथे मुलं बसलेली होती. मीटर घ्यायचं झालं तर एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणाऱ्या) सेन्सरचंच घ्या, स्वस्तातली मीटरं अंदाजाने आकडे दाखवतात.

आवाजाचं भांडण न वाढवता हवा आणायचे मार्ग आहेत. हॉलला मागे डक्ट किंवा पार्किंगकडे उघडणारी खिडकी आहे का? तिथे एक्झॉस्ट पंखा बसवा, हवा बाहेर फेकणारा. मग रस्त्याकडच्या खिडकीची वरची झडप चार बोटं उघडली तरी पुरते, कारण पंखा तिथूनच ताजी हवा ओढतो. आवाज वर जायचं मुख्य तोंड मोठी उघडी खिडकी असते, ती बंदच राहील. पंखा लावताना तो हवा बाहेर फेकतोय ना हे कागदाचा तुकडा धरून बघा, बरेच जण उलटा बसवतात.

पंखा बसेपर्यंत दोन बॅचेसच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि त्या वेळात सगळी दारं-खिडक्या सताड उघडा. तेव्हा घुंगरू वाजत नाहीत, तक्रारीला जागा नाही. आत्ता तुमच्या बॅचेस एकमेकींना चिकटून असतील, एक निघते तेव्हा दुसरी चपला काढत असते. त्या दाटीत पॅसेजमध्येच निम्मा संसर्ग होत असेल असं माझं मत आहे.

---

तत्कार_कोथरूड

मागे पार्किंगकडची खिडकी आहे! तिच्यासमोर मी कपाट ठेवलं आहे, ते हलवते. बॅचेसची वेळही पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे सरकवते, सगळ्यात मोठ्या मुलींना थोडं उशिरा चालेल.

पालकांच्या ग्रुपवर टाकायला हे लिहिलं आहे. डॉक्टर, जरा नजर टाकाल का?

"सर्व पालकांना नमस्कार. आपल्या छोट्या बॅचमध्ये एका मुलीला हात-पाय-तोंडाचा आजार झाला आहे. मुलीचं नाव कुणी विचारू नये, मी सांगणार नाही. पुढचा आठवडाभर मुलीला ताप, तोंडात फोड, किंवा तळहात-तळपायावर पुटकुळ्या दिसल्या तर क्लासला पाठवू नका आणि मला कळवा. तापाचं औषध देऊन पाठवू नका. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल आणि फोड सुकले असतील तर पाठवा. सर्टिफिकेट नको. बुडालेला तास महिन्याच्या शेवटच्या रविवारी भरून मिळेल. घरी लहान बाळ असेल तर मुलगी क्लासहून आल्यावर आधी साबणाने हात धुवायला लावा, मगच बाळाजवळ."

---

बालरोग_सिंहगडरोड

छान आहे. दोनच बदल. "एका मुलीला" काढा, "काही मुलांमध्ये हा आजार दिसतो आहे" असं लिहा. एकच म्हटलं की पालक हजेरीपट बघून शोधून काढतात. दुसरं, "बाळ लघवी कमी करत असेल, पाणी किंवा दूध घेत नसेल, खूप मलूल असेल किंवा झोपेत सारखं दचकत असेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या" ही ओळ जोडा. बहुतेकांना हा आजार सौम्य होतो, पण ज्यांना त्रास होतो त्यांच्या आई-वडिलांना नेमकं काय बघायचं ते माहीत हवं.

त्या आठ महिन्यांच्या बाळाचं आता कसं आहे?

---

तत्कार_कोथरूड

दोन्ही बदल केले, आत्ताच टाकते. बाळ दूध घ्यायला लागलंय, कालच त्याच्या आईचा निरोप आला.

---

हवा_औंध

शनिवारी कोथरूडला येतोय, कामासाठी. हवं असेल तर माझं मीटर दोन दिवस ठेवून जातो.

---

तत्कार_कोथरूड

हो, नक्की या. साडेचारला, छोटी बॅच सुरू व्हायच्या आधी. एक दिवस खिडक्या बंद ठेवून आकडे लिहून घेते, दुसऱ्या दिवशी मागची उघडून. सोमवारी सोसायटीची मीटिंग आहे, तेच कागद तिथे ठेवीन.